एक कोटी साठ लाख बत्तीस हजार सात

कागदी बाई कुठलाही आकडा नुसता वाचत नसत. फोडून बघत. जुन्नरहून सकाळच्या एसटीने त्या शाळेत यायच्या, ऑफिसात शिरायच्या, आणि मस्टरवर सही करण्याआधी पर्समधलं तिकीट माझ्या टेबलावर ठेवून म्हणायच्या, "बघा भाऊसाहेब, आजचा नंबर तेराने जातो, बाकी शून्य." मी शाळेचा क्लार्क. शाळेच्या क्लार्कला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात, मग तो विशीतला का असेना. मीही आकड्यांचाच माणूस, पण माझे आकडे पगारपत्रकातले. त्यांची बेरीज जुळली की माझं काम संपायचं. बाईंचं तिथून सुरू व्हायचं.

आमची शाळा जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर आहे. पोरं दोन्हीकडची येतात. बाई आठवी ते दहावीला गणित शिकवायच्या. ठेंगण्या, सडपातळ, डोक्यावर पदर, चष्म्याला काळी दोरी. खडू त्या घरून स्टीलच्या डबीत आणायच्या, कारण शाळेचा खडू भागाकाराच्या मधेच मोडतो अशी त्यांची तक्रार होती. जुन्नरात त्यांच्या आजोबांपर्यंत घरात हाताने कागद बनवायचं काम होतं. आडनाव त्यावरूनच. ते काम कधीच बंद पडलं, पण कागद वाया घालवायचा नाही हे त्यांच्या अंगात राहिलं होतं. जुन्या प्रश्नपत्रिका, रद्द झालेली परिपत्रकं, असं एका बाजूने कोरं असलेलं सगळं त्या माझ्याकडून मागून न्यायच्या. "पाठकोरा कागद टाकायचा म्हणजे अर्धी भाकरी टाकायची," असं म्हणायच्या आणि गठ्ठा सुतळीने बांधून पिशवीत घालायच्या. त्या कागदांच्या पाठीवर पोरं भागाकार करायची.

आकड्यांवर एवढं प्रेम, म्हणून लोकांना वाटायचं की बाईंना आकड्यांतलं नशीबही कळत असणार. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला माल नेणारा एक माजी विद्यार्थी एकदा नव्या पिकअपसाठी नंबर विचारायला आला.

"बाई, एखादा लकी सांगा की. बेरीज नऊ आली पायजे म्हणत्यात."

"बेरीज नऊ आली की आकडा नऊने जातो," बाई म्हणाल्या. "गाडी डिझेलनेच जाते."

"तसं न्हाई बाई, आपलं मनाला बरं वाटतं."

"मग ब्रेक चांगले बघून घे. आईच्या मनालाही बरं वाटेल."

तो हसत गेला. बाई हसल्या नाहीत. "आकड्यात नशीब नसतं हो भाऊसाहेब. आकड्यात आकडाच असतो. तेवढा पुरत नाही का लोकांना?"

दर जूनमध्ये त्या दहावीच्या पोरांना एकच काम द्यायच्या आणि ते वर्षभर चालायचं. प्रत्येकाने आपली जन्मतारीख सलग लिहायची. दिवस, महिना, साल. तो झाला आपला आकडा. बहुतेकांचा कोटींतला. आता तो फोडायचा. म्हणजे कोणत्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने तो बनला आहे ते शोधायचं. आधी वर्गमूळ काढायचं, कारण आकडा फुटणार असेल तर त्याचा एक तरी तुकडा वर्गमुळाच्या आत सापडतोच. तिथपर्यंत सापडला नाही, तर पुढे शोधायची गरज नाही. मग दोन, तीन, पाच, सात असं एकेका मूळ संख्येने भागत जायचं. वर्गाच्या मागच्या भिंतीवर बाईंनी स्वतः ऑइलपेंटने साडेपाच हजारांच्या वरपर्यंतच्या मूळ संख्या रंगवल्या होत्या. भिंत रंगवायला पेंटर आला की त्याला आधी ऑफिसात गाठून त्या बजावायच्या, "माझ्या भिंतीला हात लावायचा नाही."

नियम थोडेच. मोबाइलला विचारायचं नाही. "मोबाइलला विचारलंस तर मोबाइल दहावी पास होईल, तू नाही." दुसऱ्याचा आकडा फोडायचा नाही, ज्याचा त्याने फोडायचा. आणि वर्गमुळापर्यंत जाऊनही ज्याचा फुटला नाही, त्याने निरोपसमारंभाला शाळेच्या घंटेवर एक टोला द्यायचा. आमची घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. त्यावर टोला पडला की नाद संपल्यावरही तो तुकडा बराच वेळ आतल्या आत थरथरत राहतो. तो टोला देता यावा म्हणून पोरं जीव टाकायची. काही वर्षं एकही टोला पडायचा नाही. बाईंच्या स्वतःच्या जन्माचं साल सहासष्ट. "मी सम. पहिल्याच घावाला फुटले," असं सांगून त्या दरवर्षी वर्गाला हसवायच्या.

एका वर्षी वर्गातली बहुतेक पोरं सन दोन हजारची निघाली. ती दिवाळीच्याही आधी मोकळी झाली, कारण कुणाचाही आकडा घ्या, तो सरळ दोन हजाराने जायचा. बारा एप्रिलवाल्याचा १२०४२०००, म्हणजे दोन हजार गुणिले सहा हजार एकवीस. पोरं एकमेकांना "काय भावकी!" म्हणून टपल्या मारत होती. एका मुलीचे वडील मात्र शाळेत आले. त्यांच्या मनाला लागलं होतं.

"बाई, पोरीचा आकडा लगीच फुटला म्हणं. म्हंजी पोरगी कच्ची हाय का काय?"

बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्या टेबलावरच्या कागदावर दोन हजाराचं कारण समजावून सांगितलं. दहा हजारात दोन हजार पाच वेळा बसतात, म्हणून पुढे कोणताही दिवस आणि महिना असो, मागे दोन हजार असले की आकडा दोन हजाराने जाणारच. त्यांना ते कळलं. म्हणाले, "म्हंजी पोरीची चूक न्हाई, सालाची हाय."

"चूक कुणाचीच नाही," बाई म्हणाल्या. "फुटला म्हणजे तो कशाचा बनलाय ते कळलं, एवढंच."

त्या किती काटेकोर होत्या याची एकच गोष्ट सांगतो. खोडदच्या एका मुलाने एका वर्षी टोला दिला. त्याचा आकडा फुटला नव्हता. बाईंनी त्याचे भागाकार तपासून सही केली होती. मे महिन्याच्या सुट्टीत त्याचे कागद पुन्हा चाळताना त्यांना एका भागाकारात हातचा राहिलेला दिसला. आकडा सातशेच्या घरातल्या एका संख्येने चक्क नि:शेष जात होता. सुट्टी होती, मुलगा शाळेतून गेला होता, कुणाला काही कळणार नव्हतं. बाई भर उन्हात एसटीने खोडदला निघाल्या. मी त्या दिवशी तिकडेच एका लग्नाला चाललो होतो म्हणून बरोबर होतो. मागे खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीच्या मोठ्या थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या, पुढे कांद्याचं रान, आणि बांधावर बाई त्या मुलाला सांगताहेत की तुझा आकडा फुटतो, आणि चूक तुझी तशी माझीही, मी तपासलं होतं.

मुलाचा बाप फावड्यावर हात ठेवून ऐकत होता. म्हणाला, "आवं बाई, घंटा वाजून गेली की! आता ती काय माघारी घ्यायची व्हय?"

"घंटा राहू दे," बाई म्हणाल्या. "पण पोरगं खोटं घेऊन पुढे जायला नको."

परतताना एसटीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तिकीट बघितलं नाही. जुन्नर आल्यावर फक्त म्हणाल्या, "हातचा. हातचा राहिला हो."

हे सगळं आधी सांगितलं ते मुद्दाम. पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

बाईंना एकच मुलगी, सना. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. तिसरीत असताना तिचे वडील गेले आणि मग या दोघीच. घरी त्या हिंदीत बोलायच्या, पण गणित आलं की दोघी मराठीवर यायच्या. सना शाळेला आईबरोबर त्याच एसटीने यायची आणि शाळेत तिला बाईच म्हणायची. उंच, आईच्या डोक्याच्या वर गेलेली, जरा थट्टेखोर. एकदा ऑफिसात येऊन मला म्हणाली, "भाऊसाहेब, बाईंची रजा मांडा, त्या आज घरी फार ओरडल्यात, दमल्या असतील." बाई दारातच उभ्या होत्या. दोघी हसल्या. अशी ती.

ती दहावीला आली त्या वर्षी निम्म्या वर्गाचा जन्म दोन हजार सहाचा. ते सम, पहिल्या तासाला दोनाने फुटले. उरलेले दोन हजार सातचे. सनाचा जन्म सोळा मार्चचा. तिचा आकडा १६०३२००७, एक कोटी साठ लाख बत्तीस हजार सात. तिने तो वर्गाच्या फळ्यावर सगळ्यांबरोबर लिहिला. दोनाने गेला नाही. अंकांची बेरीज एकोणीस, म्हणून तीनाने नाही. पाचाने नाही. साताने भागून बाकी पाच राहिली. सना मला येता-जाता सांगायची, "अजून शाबूत आहे हां, भाऊसाहेब."

गणपतीच्या सुमारास तिला ताप येऊ लागला. येतो, जातो, पुन्हा येतो. जुन्नरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. रक्ताचा आजार निघाला. त्यानंतर सना शाळेत आली नाही. बाई मात्र येत राहिल्या. कधी आठवडाभर रजा, कधी अर्धा दिवस. आल्या की शिकवायच्या, आणि जाताना ऑफिसातून पाठकोरे कागद न्यायच्या. आता गठ्ठा मोठा लागायचा. सना दवाखान्यातल्या खाटेवर बसून भागाकार करत होती. ज्या हातात सुई नसेल त्या हाताने.

मी विचारायचो, "कुठवर आली?"

"अकराशेच्या पुढे." मग काही आठवड्यांनी, "अठराशे." पोरीची तब्येत कशी आहे हे विचारण्याऐवजी मी तेवढंच विचारायचो, आणि त्याही तेवढंच सांगायच्या.

एका दुपारी बाई ऑफिसात आल्या आणि नुसत्याच बसल्या. मग म्हणाल्या, "काल सना काय म्हणाली माहीत आहे? माझा आकडा फुटला नाही, तर मीही नाही फुटणार."

मी पगारपत्रक बाजूला सारलं.

"माझ्या पोटची पोर, आणि असं बोलते. पिकअपवाल्या पोरासारखं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

बाई कागदाच्या गठ्ठ्याची सुतळी सोडून पुन्हा बांधत होत्या. "काही नाही म्हणाले," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत बाईंना अशा बोलण्यावर उत्तर न देताना मी प्रथमच बघत होतो.

सना तीन हजाराच्या पुढे गेली तेव्हा थंडी पडली होती. तिला घरी आणलं होतं. डॉक्टरांनी काय सांगून आणलं होतं ते बाईंनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फेब्रुवारीत निरोपसमारंभ ठरला. त्याच्या आदल्या दिवशी बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, उद्या एक टोला आहे. सनाचा. शेवटपर्यंत गेली. फुटला नाही."

मी उठून उभा राहिलो. "अभिनंदन" म्हणालो बहुतेक.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या भावाने तिला रिक्षातून आणलं. डोक्याला रुमाल, अंगात दोन स्वेटर, तोंडावर मास्क. सगळा वर्ग कडुलिंबाखाली गोळा झाला. शिपाईमामांनी लोखंडी गज तिच्या हातात दिला आणि हळूच खालून आधार दिला. ती म्हणाली, "मामा, सोडा. माझा आकडा आहे, माझाच टोला पाहिजे." मामांनी हात काढून घेतला. टोला पडला. फार मोठा नव्हता. मैदानाच्या पलीकडे पोचला नसेल. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सनाने गज खाली ठेवला आणि रुळावर तळहात टेकवला. आतला थरथराट संपेपर्यंत ती तशीच उभी होती. मग आईकडे बघून म्हणाली, "थांबला."

बाई तिच्यामागे एका हाताच्या अंतरावर होत्या. मी बाईंकडे बघितलं होतं. अभिमान असेल, रडू असेल, असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. भागाकार मधेच अडल्यावर फळ्यासमोर असायचा, तसा चेहरा होता.

परीक्षा सुरू व्हायच्या आधी सना गेली. सोळा मार्चही यायचा होता. तिचं हॉलतिकीट मी कुणाला दिलं नाही, कुणी मागितलंही नाही.

मातीला आम्ही शाळेतले सगळे जुन्नरला गेलो. परतताना एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. माणूस अशा वेळी कशाचा विचार करेल सांगता येत नाही. माझ्या डोक्यात तिचा आकडा फिरत होता. दुसऱ्याचा आकडा फोडायचा नाही या नियमामुळे त्याला आजवर कोणी हात लावला नव्हता, मीही नाही. आता नियम कुणासाठी पाळायचा, असं मनात आलं, आणि बाईंच्या पद्धतीने मी आधी वर्गमूळ काढायला घेतलं. म्हटलं, पोर कुठवर चालली ते तरी बघू.

चार हजार चारचा वर्ग एक कोटी साठ लाख बत्तीस हजार सोळा. सनाचा आकडा त्याहून फक्त नऊने कमी.

नऊ म्हणजे तीनाचा वर्ग. ए वर्ग वजा बी वर्ग हे सूत्र बाई आठवीला शिकवायच्या. वजाबाकीचा आणि बेरजेचा गुणाकार. चार हजार चारमधून तीन गेले, चार हजार एक. तीन मिळवले, चार हजार सात. दोन्ही मूळ संख्या. ४००१ गुणिले ४००७. मी तिकिटाच्या मागे गुणाकार करून बघितला. बरोबर आला. पुन्हा केला. पुन्हा बरोबर आला.

आकडा फुटत होता. भिंतीवरच्या यादीत चार हजार चारच्या आत शेवटच्या दोन संख्या म्हणजे ४००१ आणि ४००३. फुटत होता तो शेवटून दुसऱ्या संख्येने. पाचशे पन्नास भागाकार होईपर्यंत तो शाबूत दिसणार होता.

आणि हे दिसायला भागाकार लागतच नव्हते. वर्गमूळ काढलं की दिसत होतं. वर्गमूळ आधी काढायचं हा बाईंचाच नियम. म्हणजे जूनमध्ये, फळ्यावर आकडा लिहिला त्याच दिवशी, बाईंना तो फुटलेला दिसला होता. खोडदच्या पोराकडे मे महिन्याच्या उन्हात जाणाऱ्या बाईंना.

मी ते तिकीट घडी करून खिशात ठेवलं. घरी बायकोलाही बोललो नाही.

बाई पंधरा दिवसांनी कामावर आल्या. पुढच्या जूनमध्ये नव्या वर्गाने आकडे लिहिले, वर्गमुळं काढली, भागाकार सुरू झाले. बाई आधीसारख्याच शिकवायच्या. फक्त सकाळी तिकीट माझ्या टेबलावर ठेवायचं बंद झालं. आणि "आकड्यात नशीब नसतं" हे वाक्य मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या आधी पेन्शनच्या कागदांवर सह्या घ्यायला मी एका दुपारी जुन्नरला त्यांच्या घरी गेलो. गच्चीवर वाळवण घातलं होतं, समोर शिवनेरी उन्हात पांढरट दिसत होता. सह्या झाल्या. चहा झाला. मी उठणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, बसा. तुम्ही वर्गमूळ काढलं असणारच."

मी खोटं बोललो नाही. "एसटीत काढलं. मातीहून येताना."

"मला वाटलंच. त्या दिवसानंतर तुम्ही माझ्या डोळ्यांत बघत नाही." त्यांनी पेन्शनचे कागद सरळ करून माझ्याकडे सरकवले. "मी जूनमध्येच बघितलं. फळ्यावर. वाटलं, बघू, हिला दिसतं का. हुशार आहे, वर्गमूळ काढेल तेव्हा दिसेलच. तिने काढलं. चार हजार तीनपर्यंत जायचं, एवढंच म्हणाली. मला वाटलं, नाही दिसलं. जाऊ दे, शेवटी कळेल, हसेल. मग आजार आला. मग ती ते वाक्य बोलली."

"हो."

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं ना? की बेटा, तुझा आकडा फुटतो आणि त्याचा तुझ्याशी काही संबंध नाही. शंभर पोरांना सांगितलं मी हे. हिला नाही सांगितलं. उलट मी मोजायचे की अजून किती भागाकार उरलेत. जितके उरलेत तितके दिवस ती... तुम्हाला समजतंय ना? मीच पिकअपवाली झाले."

मी मान हलवली.

"३९८९पर्यंत तिने स्वतः केलं. बाकी दोनशे सोळा. अजून आठवते. मग कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाली, अम्मी, हात दुखतो. शेवटचे दोन तू कर. मी आधी ४००३ने केलं. खरं केलं. बाकी सांगितली, तीन हजार नऊशे पंच्याण्णव. मग ४००१ने केलं. शून्य आलं. येणारच होतं. ती डोळे मिटून पडली होती. म्हणाली, किती उरली? मी म्हणाले, तीन."

खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

"तीनच का म्हणाले मी? काहीही म्हणता आलं असतं. हजार आकडे होते. पण जूनपासून माझ्या डोक्यात तो तीनच होता. चार हजार चार, वजा तीन, अधिक तीन. तोंडातून तोच आला. सनाने डोळे नाही उघडले. हसली. आणि म्हणाली..." बाईंनी चष्मा काढला. "म्हणाली, 'मला वाटलंच होतं, तीन असणार.'"

मला काही क्षण लागले. मग समजलं.

"बाकी किती येणार ते भागाकार केल्याशिवाय कुणाला वाटतं का, भाऊसाहेब? तुम्ही आकड्यांतले आहात, तुम्ही सांगा. तीन असणार, हे कुणाला वाटेल? ज्याला ते सूत्र दिसलं त्यालाच ना? मग तिला कधी दिसलं? जूनमध्ये? की खाटेवर? आणि दिसलं असेल, तर साडेपाचशे भागाकार तिने कुणासाठी केले? नेमके दोनच माझ्यासाठी का ठेवले?" आवाज चढला नव्हता. वर्गात प्रश्न टाकायच्या तसाच होता. "की ती नुसतीच बोलली? आजारी पोर, ग्लानीत, काहीतरी बोलली?"

तो हिशेब मी आजही करतो. दोन्ही बाजूंनी करून बघितलं आहे. तिला माहीत नसेल, तर आईने तिला शेवटचं खोटं दिलं आणि ती ते घेऊन गेली. माहीत असेल, तर त्या दोघी वर्षभर एकमेकींसाठी भागाकार करत होत्या, आणि एकीनेही दुसरीला सांगितलं नाही. कुठल्याही बाजूने केलं तरी नि:शेष जात नाही.

"विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "मी विचारलं नाही. घाबरले."

मग त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या.

निवृत्तीच्या दिवशी माजी विद्यार्थी बरेच आले होते. खोडदचा तो हातचा विसरलेला मुलगाही आला होता, आता हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करतो. शाल, नारळ, भाषणं झाली. शेवटी पोरांनी ठरवून गज आणला आणि बाईंच्या हातात दिला. "बाई, आज टोला तुमचा!"

"मी सम," बाई म्हणाल्या. "पहिल्याच घावाला फुटले. नियम म्हणजे नियम." सगळे हसले. खोडदवाला म्हणाला, "बाई, आज एक दिवस नियम ऱ्हाऊ द्या की."

"एकदा राहू दिला होता," त्या म्हणाल्या. त्याला वाटलं त्याच्याबद्दलच बोलताहेत. तो लाजून हसला.

बाईंनी गज मामांना परत दिला. लोक जेवणाच्या मांडवाकडे वळले. मी खुर्च्या मोजून घेत होतो, म्हणून मागे राहिलो होतो. बाई कडुलिंबाखाली एकट्याच होत्या. त्या रुळाजवळ गेल्या, पदर सावरला आणि रुळावर तळहात टेकवला. टोला कुणी दिला नव्हता. रूळ गप्प होता. त्या तशाच उभ्या राहिल्या. काहीतरी थांबण्याची वाट बघतात तशा. मग हात काढला, पिशवी उचलली आणि मांडवाकडे न जाता फाटकाकडे निघाल्या. जुन्नरची एसटी यायची वेळ झाली होती.